भाड्याचा एलईडी प्रोजेक्टर : नाताळच्या आठवड्यातल्या क्रिकेटसाठी

मेलबर्नची बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) कसोटी आपल्याकडे पहाटे ५ वाजता सुरू होते. नागपुरात पावणेसातपर्यंत सूर्य उगवत नाही, म्हणून पहिलं सत्र पाहायला हा प्रोजेक्टर सुरेखच! हिरवळ, स्लिपमधले हात, चेंडूची शिवण, सगळं भिंतीवर मोठं दिसतं. ७ वाजता लंच होतो, तोवर चित्र फिकं पडू लागतं. पुढे जाड पडदे हवेतच.

१०० इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलेलं) चित्र सव्वासात फूट रुंद होतं. त्यासाठी साधारण ९ फूट अंतर ठेवा आणि प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात लावा. तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने) सरळ केलं की कडा पुसट होतात, कोपऱ्यातला धावफलक वाचता येत नाही.

ब्लूटूथ स्पीकर टाळाच. चेंडू यष्टिरक्षकाकडे पोचल्यावर बॅटचा आवाज येतो, सगळी मजा जाते. साधी ऑक्स वायर (हेडफोनसारखी पिन असलेली) लावा.

थंडी आहे म्हणून दुलईवर ठेवू नका. हवेची जाळी बुजते, तापून बंद पडतो. गच्चीवर तर दव पडतं, तिथे नकोच. रात्रीच्या इंग्लिश फुटबॉललाही हा प्रोजेक्टर उत्तम. तर्री-पोहे मात्र वायरींपासून लांब.