गरब्याचा फोटो आणि इंटर्नशिपची मुलाखत : इन्स्टाग्राम व लिंक्डइनवरील खासगीपणाच्या सोयींचे परीक्षण

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला पोहोचल्यावर एक पेच हमखास समोर येतो. इंटर्नशिप हवी असेल तर आपले काम कोणालाही सहज पाहता आले पाहिजे. पण घरचा गणपती, आजोबांचे आजारपण किंवा मैत्रिणींबरोबरची सहल अनोळखी माणसाने पाहावी असे काही कारण नसते. हे दोन्ही एकाच फोनवरून सांभाळण्यासाठी इन्स्टाग्राम आणि नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीचे लिंक्डइन ज्या सोयी देतात, त्या मी दोन रविवार बसून एकेक करून तपासल्या. मावसभावाच्या फोनवर कोणत्याही खात्यात प्रवेश न करता स्वतःचे नाव शोधायचे आणि प्रत्येक बदलानंतर काय दिसते व काय दिसत नाही हे वहीत टिपायचे, एवढीच माझी पद्धत होती.

इन्स्टाग्रामवर पहिला निर्णय खाते खासगी ठेवायचे की सार्वजनिक, हा असतो. खाते खासगी केले की पोस्ट आणि स्टोरी फक्त मान्यता दिलेल्या फॉलोअरना दिसतात. मात्र नाव, प्रोफाइलचा फोटो आणि बायोमधला मजकूर सर्वांसाठी उघडाच राहतो. आधीपासूनचे फॉलोअरही तसेच राहतात, त्यामुळे शाळेच्या दिवसांत विचार न करता स्वीकारलेली अनोळखी माणसे एकेक करून काढावी लागतात. मला या कामाला पूर्ण दुपार लागली आणि ती सत्कारणी लागली असे मी मानते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याची खरी अडचण वेगळी आहे. चित्रांसाठी व्यावसायिक खाते घेतले, की ते खासगी करता येत नाही. शिवाय जुलै २०२५ पासून सज्ञान व्यक्तींच्या सार्वजनिक व्यावसायिक खात्यांवरचे फोटो आणि व्हिडिओ शोधयंत्रांतही येऊ शकतात. ते नको असल्यास खात्याच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी बंद करावी लागते. कामासाठी ती चालू राहू द्यावी, असे माझे मत आहे. पण ज्या खात्यावर चित्रांमध्ये घरचे फोटो मिसळले आहेत, तिथे ती आजच पाहून घ्यावी.

म्हणून मी दोन खाती केली, एक चित्रांसाठी आणि दुसरे खासगी. एका फोनवर पाच खात्यांपर्यंत प्रवेश करून ठेवता येत असल्यामुळे ये-जा सोपी आहे. दुसऱ्या खात्याला वेगळा ईमेल द्यावा आणि फोनमधील संपर्क ॲपला देऊ नयेत, कारण संपर्कांच्या यादीवरून ॲप ओळखीच्यांना आपले खाते सुचवते आणि दोन खात्यांमधली भिंत तिथेच पडते. निवडक माणसांनाच स्टोरी दाखवणारी क्लोज फ्रेंड्सची सोय चांगली आहे; यादीत कोण आहे हे इतरांना कळत नाही आणि यादीतून काढल्याचे संबंधितालाही कळवले जात नाही, त्यामुळे नातेवाइकांत रुसवेफुगवे होत नाहीत. मात्र स्टोरीचा स्क्रीनशॉट घेतला तर आपल्याला सूचना येत नाही, हे टाकण्यापूर्वीच लक्षात ठेवावे.

आता टॅगविषयी, म्हणजे फोटोला आपले नाव जोडले जाण्याविषयी. गेल्या नवरात्रात आमच्या भागातील मैदानावर फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराने गरब्याचे पुष्कळ फोटो आपल्या पानावर टाकले आणि त्यांतल्या एकात मला कोणीतरी टॅग केले. फोटोत वावगे काहीच नव्हते. चनिया-चोळी आणि टाळीचा एक क्षण, इतकेच. खालच्या टिप्पण्या मात्र वाचवत नव्हत्या, आणि माझ्या प्रोफाइलवरून तिथे पोहोचायला एक टिचकी पुरत होती. पुढच्या पंधरवड्यात माझी मुलाखत होती. आपल्याला कोण टॅग करू शकेल यासाठी सर्वजण, आपण ज्यांना फॉलो करतो ते, किंवा कोणीही नाही, असे तीन पर्याय असतात. शिवाय प्रत्येक टॅग आपण मंजूर केल्यावरच प्रोफाइलवर दिसावा, असेही ठरवता येते. मी ही मंजुरीची सोय आधी लावली नव्हती, ती चूक माझीच. पोस्टमधून स्वतःचे नाव काढून टाकण्याची सोय मी लगेच वापरली आणि ती नीट चालली. पण ती फक्त नाव आणि फोटो यांच्यातला दुवा तोडते. फोटो जिथल्या तिथे राहतो. तो अखेर उतरला, तो भावाच्या मित्राने त्या छायाचित्रकाराला समक्ष भेटून विनंती केल्यावर. दुसऱ्याने टाकलेल्या आपल्या फोटोवर सेटिंगमधून मिळणारा ताबा एवढाच आहे, आणि या परीक्षणात सर्वांत महत्त्वाची बाब मला हीच वाटते.

कायद्याचा आधार किती, हेही पाहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती आणि आपण स्वतःच सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. वर्गमैत्रिणीने हौसेने टाकलेल्या फोटोसाठी तिच्याशी बोलणे, हाच त्यामुळे जवळचा मार्ग राहतो.

लिंक्डइन या तुलनेत अधिक विचारपूर्वक बांधलेले आहे. खात्यात प्रवेश न केलेल्या माणसाला प्रोफाइलचा कोणता भाग दिसावा हे भागाभागाने ठरवता येते, आणि फोटो फक्त थेट जोडलेल्यांना, त्यांच्यापलीकडच्या वर्तुळाला, सर्व सदस्यांना की साऱ्या जगाला दाखवायचा, हेही निवडता येते. मुलाखत घेणाऱ्याचे प्रोफाइल आपण पाहिल्याचे त्याला कळू नये म्हणून खासगी पद्धतीने पाहता येते. मात्र विनामूल्य खात्यावर तसे केल्यास आपले प्रोफाइल कोणी पाहिले हेही आपल्याला दिसेनासे होते. मी हा व्यवहार स्वीकारला नाही, कारण कोणत्या स्टुडिओने पाहिले हे कळणे मला जास्त उपयोगी वाटते. प्रोफाइलची डागडुजी करण्यापूर्वी बदल सर्वांना कळवण्याची सोय बंद करावी, म्हणजे अर्धवट नोंदींवर अभिनंदने येत नाहीत.

लिंक्डइनवर विद्यार्थी फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. तिथे आपण दिलेली पसंती आणि लिहिलेली टिप्पणी आपल्या प्रोफाइलवरील हालचालींत दिसते. माझ्या जुन्या हालचाली पाहताना रात्री उशिरा रागाच्या भरात लिहिलेल्या दोन टिप्पण्या सापडल्या. त्या मी काढल्या. प्रोफाइल कितीही देखणे केले, तरी भेटीपूर्वी ते उघडणारा माणूस या ओळीही वाचणार आहे.

फेसबुकवर पूर्वीच्या सार्वजनिक पोस्ट एकाच वेळी फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी. व्हॉट्सॲपवर प्रोफाइलचा फोटो केवळ संपर्कांतील माणसांना दिसेल असे ठेवावे. इंटर्नशिपचा समन्वयक पहिला संदेश बहुधा तिथेच पाठवतो, तेव्हा त्याचा क्रमांक आधी साठवून घ्यावा.

इन्स्टाग्रामला मी पाचपैकी तीन गुण देते आणि लिंक्डइनला चार. इन्स्टाग्रामचे दोन गुण कमी होतात ते व्यावसायिक खात्याच्या सक्तीच्या उघडेपणामुळे आणि टॅग निघाला तरी फोटो मागे राहतो म्हणून. या वर्षी नवरात्रापूर्वी आमच्या गटातल्या सातही जणींनी टॅगची मंजुरी चालू केली आहे, आणि फोटो टाकण्याआधी एकमेकींना विचारायचे ठरवले आहे.