लँकॅस्टर की मॉस्किटो? गॅरेजात कॉकपिट बांधू पाहणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरचं कॉकपिट घरी बांधायचं खूळ इंग्लंडात राहून एकदा डोक्यात शिरलं, की गाडी फिरून फिरून दोनच नावांवर येते: चार इंजिनांचं, धातूच्या पत्र्याचं ॲव्ह्रो लँकॅस्टर आणि दोन इंजिनांचं, लाकडी डी हॅविलंड मॉस्किटो. भारतातल्या वाचकांना तिसरं नाव सुचेल, लिबरेटर. युद्धानंतर कानपूरला भंगारात पडलेली ती विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली, तेव्हा ओढ वाटणं साहजिक आहे. पण त्या कॉकपिटमधले स्विच मोजतानाच माझा उत्साह मावळला, म्हणून ते इथे घेत नाही.

माझ्या गॅरेजात मॉस्किटो आहे. लँकॅस्टरवर मी हात चालवला तो आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांच्या शेडमध्ये, त्यांचा मदतनीस म्हणून. म्हणजे दोन्हीकडे काम केलंय, पण मला अगदीच तटस्थ समजू नका.

लँकॅस्टरचा रुबाब निर्विवाद. वैमानिक डावीकडे उंच चौथऱ्यावर, उजवीकडे घडीच्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर, मध्ये चार थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्या. पाहुणा आत वाकला की त्याचा हात आपोआप त्या चार दांड्यांवर जातो. शिवाय रचना मनानं सरळ आहे. बाजू बऱ्याचशा एकाच दिशेनं वळलेल्या, त्यामुळे पत्रा फारसा भांडत नाही. छताच्या चौकटीतले पर्स्पेक्सचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, बरेच तुकडे सपाट किंवा किंचित वाकलेले, तेही घरी जमतात. सांगाडा उभा राहायला लागला की आठवड्याआठवड्याला फरक दिसतो, आणि अशा लांबणाऱ्या कामात त्याचं मोल फार.

अडचण अशी की ते संपत नाही. वैमानिकाच्या मागे लगेच नॅव्हिगेटरचं, म्हणजे मार्ग आखणाऱ्याचं, टेबल, त्यामागे वायरलेस ऑपरेटर. कापायचं कुठे? खुर्चीमागे कापलं तर अर्धवट दिसतं, आणि टेबल घेतलं की वायरलेस का नको, असं मन म्हणतं. शेडवाल्या गृहस्थांनी टेबल घेतलं. आता वायरलेसचा संच शोधताहेत.

गेजचा, म्हणजे काटे-डायलवाल्या यंत्रांचा, हिशेब तर उघडच आहे. बाहेरचं काही दिसत नसताना उडायला लागणारं, समोरचं सहा यंत्रांचं ब्लाइंड फ्लाइंग पॅनल दोन्ही विमानांत सारखंच, आणि जुन्या बाजारात त्यातली यंत्रं मिळून जातात. पण इंजिनांची गेज लँकॅस्टरला चारचार लागतात, मॉस्किटोला दोनदोन. जुन्या डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. त्याची चमक केव्हाच गेलेली असते, किरणोत्सार मात्र तसाच. काच तडकलेलं गेज कितीही स्वस्त मिळालं तरी घरात आणू नका आणि कुठलंच उघडून साफ करू नका. मी बहुतेक डायल छापून ॲक्रिलिकमागे बसवलेत; हातभर अंतरावरून कुणाला शंका येत नाही.

एवढ्यावर मी लँकॅस्टरला नाही म्हटलं नसतं. माझा जीव नकोसा केला तो पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांनी, रिव्हेटनी.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेची गन धरतो, दुसरा आतून डॉली, म्हणजे मुठीएवढा पोलादी ठोकळा, रिव्हेटच्या शेपटावर दाबून धरतो. ठोकळा केसभर कलला की शेपूट चपटं व्हायच्या ऐवजी आडवं पडतं. मग ते ड्रिलनं काढा, काढताना भोक मोठं होतं, मग एक माप जाड रिव्हेट शोधा. आणि डॉलीवाला बसलेला असतो फॉर्मरच्या, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या चौकटीच्या मागे, एक गुडघा स्ट्रिंगरवर, म्हणजे लांबीच्या पट्टीवर, कानात बोळे. त्याला ‘थांब’ म्हटलेलं ऐकू जात नाही. आम्ही शेवटी पत्र्यावर टकटक करून खुणा ठरवल्या: एक टकटक म्हणजे मार, दोन म्हणजे बिघडलं. काम उत्तम चालायचं, पण दोघंही मोकळे असतील तेव्हाच. त्यांना उत्साह सकाळी, मला वेळ रात्री, आणि रात्री ती गन चालवली तर शेजारी दार वाजवणारच. एकट्यानं पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूनं बसवता येणारे, मारता येतात, हे खरं. पण डोक्याच्या मधोमध भोक राहतं आणि एकदा दिसलं की नजर तिथेच अडकते. कदाचित माझ्याच डोळ्यांचा दोष असेल.

लाकडाला असला जोडीदार लागत नाही. गोंद लावा, शिकंजे आवळा, दिवा मालवून झोपायला जा. मूळ मॉस्किटोचं धडही साच्यांवर दोन अर्ध्या भागांत घडवत, बर्चच्या प्लायवूडच्या मध्ये बाल्सा घालून, आणि ते करणाऱ्यांत फर्निचरचे कारागीर होते. प्रदर्शनी कॉकपिटला बाल्साची गरज नाही. लाकडी फॉर्मरवर पातळ प्लाय पुरतो.

अर्थात लाकूडही छळतं. मॉस्किटोचं अंग दोन्ही दिशांनी वळतं आणि प्लायला ते मान्य नसतं, म्हणून तिरक्या पट्ट्या कापून एकेक बसवाव्या लागतात. त्यानंतरचं घासकाम लँकॅस्टरवाल्यांना ठाऊकच नाही. दमट हवेचीही काळजी घ्यावी लागते. १९४४ मध्ये भारतातल्या मॉस्किटोंचे सांधे सुटून अपघात झाले, तेव्हा ती विमानं काही काळ जमिनीवर ठेवावी लागली होती. आधी ठपका हवा आणि गोंदावर आला, पुढे कारखान्यातलं सदोष जोडकामही निघालं. आपल्याला उडायचं नाहीये, पण इथल्या गॅरेजातही ओल असतेच, इपॉक्सी गोंद वापरा.

मॉस्किटो ठरलंच तर काचेच्या नाकाची बॉम्बर आवृत्ती टाळून फायटर-बॉम्बर मार्क ६ घ्यावी, असं माझं मत. पुढची काच सपाट, योकऐवजी, म्हणजे चाकासारख्या सुकाणूऐवजी, साधी स्टिक, नाक बंद असल्यामुळे पॅनलच्या पुढे काम थांबवता येतं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, नॅव्हिगेटर जरासा मागे, आणि त्यांच्या पाठीशी विषय संपतो. ‘आणखी थोडं घेऊ’ म्हणायला तिथे जागाच नाही. बॉम्बर म्हणजे बॉम्बरच हवा, असा आग्रह असेल तर मात्र हे पटणार नाही, आणि ते मी समजू शकतो.

ठरवण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या. लंडन कोल्नीच्या डी हॅविलंड म्युझियममध्ये मॉस्किटोचा पहिला नमुनाच आहे, १९४० मध्ये उडालेला. लिंकनशरमधल्या ईस्ट कर्कबीला ‘जस्ट जेन’ नावाचं लँकॅस्टर जमिनीवर स्वतःच्या इंजिनांवर चालतं. क्रम हाच ठेवा. चार मर्लिन इंजिनं एकदा कानाशी सुरू झाली की माणूस पुढचं काही ऐकून घेत नाही. तिथून आल्यावरही लँकॅस्टरच म्हणाल तर खुशाल करा, पण डॉली धरणारा माणूस आधी ठरवा. पत्रा नंतर आणला तरी चालेल.