जागलीच्या कुत्र्यांना साप टाळायला शिकवणारा दोन दिवसांचा कोर्स: घ्यावा का?

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात वावरात येऊन जागलीच्या, म्हणजे रात्री पिकाची राखण करणाऱ्या, कुत्र्यांना साप टाळायला शिकवणारे प्रशिक्षक आता मिळू लागले आहेत. त्यांपैकी एका दोन दिवसांच्या कोर्सचं हे परीक्षण आहे. एका कुत्र्याचे 1,800 रुपये, त्याच वावरातल्या दुसऱ्या कुत्र्याचे 1,000, पेट्रोल वेगळं. प्रशिक्षकाचं नाव देत नाही, कारण हेच निकष लावून कुठलाही कोर्स तपासता येईल.

आधी निकाल. उघड्या जागी, जागं असताना साप दिसला किंवा त्याचा वास आला तर मागं फिरायचं, एवढं हा कोर्स उत्तम शिकवतो आणि तेवढ्यासाठी पैसे वसूल आहेत. जाहिरातीत लिहिलेलं ‘सर्पदंशापासून संपूर्ण संरक्षण’ मात्र खोटं आहे. ते वाक्य काढून टाकायला हवं.

या कोर्समध्ये जिवंत साप वापरत नाहीत. ही उणीव नाही, हाच पहिला गुण आहे. अमेरिकेत शिकारी कुत्र्यांना खुळखुळ्या सापासमोर नेऊन गळ्यातल्या पट्ट्यातून विजेचा झटका देण्याची पद्धत जुनी आहे. ती इथं जशीच्या तशी आणता येत नाही. नाग किंवा घोणस पकडून प्रशिक्षणासाठी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. एखादा सर्पमित्र “सोडायच्या आधी पाच मिनिटं दाखवून देतो” म्हणाला, तरी नाही म्हणा. शिवाय आपले साप खुळखुळा वाजवत नाहीत. परड, म्हणजे घोणस, कुकरसारखी मोठी शिट्टी घालते, फुरसं अंगाचे खवले घासून करकर आवाज काढतं, आणि मण्यार बहुतेक वेळा काहीच आवाज करत नाही. मोबाइलवर खुळखुळ्याचा आवाज ऐकवून शिकवणारा प्रशिक्षक आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

झटक्याचा पट्टाही इथं वापरत नाहीत, आणि त्याची कारणं प्रशिक्षकाने नीट सांगितली. झटका बसला त्या क्षणी कुत्रं जे पाहत असेल त्याच्याशी ते दुखणं जोडलं जातं. ते साप असेल, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत असेल, किंवा शेजारी उभं असलेलं पोरगंही असू शकतं. पट्टा काढला की धडाही गेला, असंही अनेकदा होतं. अंगावर जाणाऱ्या जातीची कुत्री तर झटक्याने आणखी चवताळतात आणि सापालाच पकडतात. गावातली दोन-तीन कुत्री मिळून साप घेरतात तेव्हा नेमकी ही चवताळलेली अवस्थाच त्यांचा घात करते. दंश बहुधा नाकावर, तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो.

कोर्सचा गाभा असा की मालकाने हुकूम द्यायचाच नाही. जागलीला अंधारात साप आधी कुत्र्याला कळतो, माणसाला नाही. “सोड” म्हणायला माणसाला साप दिसलेला असावा लागतो. म्हणून साप हाच इशारा झाला पाहिजे: साप दिसला की कुत्र्याने आपोआप वळून मालकाकडे पळत यायचं.

पहिला दिवस पहाटे 6 ते 9. मे महिन्यात त्यानंतर शिकवण्यात अर्थ नाही, धापा टाकणारं कुत्रं खात नाही. दहा मीटरची दोरी गळ्यात न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधतात. खाऊ म्हणून उकडलेली कलेजी, चण्याएवढे तुकडे. एका कुत्र्याला सकाळभर पाव किलो पुरते. सुरुवात नावाने हाक मारण्यापासून. कुत्रं वळलं की मालकाने उलटं पळायचं आणि ते जवळ आलं की चार-पाच तुकडे एकेक करून द्यायचे. हे पक्कं झाल्यावर आठ मीटरवर रबरी साप न हलवता ठेवतात. कुत्र्याचे कान टवकारले, नजर खिळली, पण पाऊल पुढं पडलं नाही, त्या क्षणी हाक मारायची. पाऊल पडल्यावर मारलेली हाक उशिराची असते. वळलं की पाच-सहा मीटर मागं पळून तिथं खाऊ द्यायचा. बहुतेक लोक इथंच चुकतात: सापाजवळच खाऊ देतात. मग साप म्हणजे कलेजी मिळायची जागा, असं कुत्रं शिकतं आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने त्याच्याकडे धावतं.

काही वेळा असं झाल्यावर हाक न मारता दोन सेकंद थांबायचं. कुत्रं स्वतःहून वळलं की सर्वांत मोठा खाऊ. मग अंतर आठवरून पाच, पाचावरून तीन मीटर. तीनच्या आत हा प्रशिक्षक आणत नाही आणि ते बरोबर आहे, कारण कुत्र्याने सापाच्या जवळ जायचंच नसतं. शेवटी मासे धरायच्या तंगुशीने साप ओढतात. हलणाऱ्या सापासमोर पाठलागाची ओढ जोर करते, म्हणून इथं अंतर पुन्हा आठवर न्यावं लागतं. एक फेरी पाच-सात मिनिटांची, मग सावलीत विश्रांती. घाई करणाऱ्या मालकाला प्रशिक्षक अडवतो, हे आवडलं.

दुसरा दिवस वासाचा. धुऱ्यावर सापडलेली कात गवतात ठेवतात आणि वारा कुत्र्याच्या तोंडावर येईल अशा बाजूने त्याला आणतात. वारा पाठीमागून असेल तर वास पोचतच नाही आणि कुत्रं कातीवर पाय ठेवून जातं. मग मालकाला वाटतं, कुत्रं नापास. कातीचा वास जिवंत सापापेक्षा बराच कमी असतो, म्हणून ही परीक्षा पास झाली तरी हमी धरू नका. कात जिथं सापडली तिथंच, त्याच दिवशी वापरा. घरी डब्यात साठवू नका.

सर्वांत मोठी उणीव रबरी सापाची. प्रशिक्षकाकडे दोन आहेत, दोन्ही चकचकीत हिरवे, खेळण्याच्या दुकानातले. कुत्रं हुशार असतं. साप न शिकता ते रबराचा वास, प्रशिक्षकाच्या हाताचा वास आणि ती ठरावीक जागा शिकतं. दोन्ही साप काही दिवस मातीत पुरून ठेवले, हातमोजे घालून मांडले आणि दर फेरीला जागा बदलली तर निम्मा दोष जातो. उरलेल्यासाठी घरीच साप करा: जाड दोरखंडाला तपकिरी रंग, पाठीवर काळसर गोल ठिपक्यांच्या रांगा, आणि वेटोळं घालून ठेवलेला. परड पुष्कळदा पाचोळ्यात वेटोळं करून पडलेली असते, सरळ लांब नाही. सरळ सापावर शिकलेलं कुत्रं वेटोळ्याला साप मानेलच असं नाही.

ठिबकच्या नळ्यांचाही विचार कोर्समध्ये नाही. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आणि संत्र्याच्या बागेत काळ्या नळ्या सगळीकडे. प्रशिक्षणानंतर कुत्रं पहिले काही दिवस नळीपासूनही वळतं. रागावू नका, नाहीतर वळणंच बंद होईल. नुसती शाबासकी द्या, खाऊ देऊ नका. हळूहळू नळीकडे ते दुर्लक्ष करू लागतं.

सराव कोर्सनंतर फक्त मालकाकडे राहतो आणि तिथं बहुतेक मेहनत वाया जाते. आठवड्यातून दोनदा, दर वेळी वेगळ्या जागी, कधी घरच्या बाईने तर कधी गड्याने, अचानक साप मांडून घ्या. प्रशिक्षकाने हे तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही. मृगाच्या आधी एक उजळणी हवीच. दुसरी सोयाबीन निघाल्यावर: हिवाळा हा परडीच्या मिलनाचा काळ, त्या दिवसांत ती दिवसाही धुऱ्यावर ऊन खात पडते.

आता मर्यादा. झोपलेल्या कुत्र्याला कुठलंही प्रशिक्षण वाचवत नाही. मण्यार रात्री हिंडते, उंदरांमागे कोठ्यात, घरात शिरते. तिच्या दंशाला सूज आणि वेदना जवळपास नसतात, म्हणून सकाळी कुत्रं उठत नाही तेव्हाच कळतं. यावर उपाय झोपायच्या जागेचा. कुटाराच्या (भुशाच्या) गंजीपासून आणि पऱ्हाट्यांच्या ढिगापासून लांब, खाटेवर किंवा उंच फळीवर कुत्र्याची जागा करा. ढेप आणि धान्य उघडं ठेवू नका. कोर्समध्ये यावर दहा मिनिटंही देत नाहीत. निदान तासभर तरी द्यायला हवा.

कोर्ससोबत प्रथमोपचाराचं एक कार्ड मिळतं. त्यात दंशाच्या वर कापड आवळून बांधायला सांगितलंय. ती ओळ खोडून टाका. आवळणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं, हळद-लिंबू पाजणं, सगळं टाळा. गळ्यातला पट्टा ताबडतोब काढा, कारण तोंडाला दंश असेल तर सूज गळ्याकडे उतरते. कुत्र्याला चालवू नका. चादरीत किंवा पोत्यावर उचलून गाडीत ठेवा. साप मारण्यात वेळ घालवू नका. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, लांबून फोटो मिळाला तर पुरे. ही 10 मिलीची कुपी पशुवैद्यकीय दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. मोठ्या उपचारासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. प्रतिविष शिरेतून सावकाश द्यावं लागतं आणि त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, तेव्हा घरी टोचण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. परडीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेलं रक्त 20 मिनिटांनी गोठलं का, ही साधी तपासणी करायला डॉक्टरांना जरूर सांगा.

सहा महिन्यांखालचं पिल्लू, आजारी कुत्रं किंवा हाक मारल्यावर अजून येतच नाही असं कुत्रं या कोर्सला पाठवू नका. आधी महिनाभर हाकेवर काम करा. साप मारण्याची चटक लागलेल्या कुत्र्याला दोन दिवस पुरत नाहीत, त्याच्यासाठी चार दिवसांचं बोलून घ्या. बाकी जागलीला जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी हा कोर्स घ्यावा, पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या आत, मेमध्येच.