कानातली शीळ, ‘गॅरंटी’च्या गोळ्या आणि माझे एकेचाळीस हजार रुपये

बेळगावच्या वडगावातील आमच्या घरात खाली चार यंत्रमाग आणि वर राहण्याच्या दोन खोल्या होत्या. शाळेत जाण्यापूर्वी कांड्या भरायच्या आणि शाळेतून आल्यावर मागावर उभे राहायचे, हा माझा लहानपणापासूनचा क्रम; पुढे शिक्षकाची नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी तो सुटला नाही. लाईट गेली की गल्लीतील सगळे माग एका क्षणात गप्प होत आणि त्या शांततेत कानात एक बारीक शीळ ऐकू येई. ती सगळ्यांनाच ऐकू येत असल्यामुळे कुणी तिला आजार म्हणत नसे, आणि तास-दोन तासांत ती विरूनही जाई. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, ऐन श्रावणात, ती आली ती गेलीच नाही.

दिवसा बाजारहाटात तिचा विसर पडे. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की कुकरची शिट्टी अर्धवट अडकून राहावी तसा तो आवाज दोन्ही कानांत सुरू होई. शेजारच्या विणकराला विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘‘मास्तर, मलाबी तसंच ऐकू येतंय की! त्यात काय दाखवायचं?’’ त्याचे बोलणे मनावर घेऊन मी सहा-सात महिने डॉक्टरांकडे गेलो नाही. पुढच्या फसवणुकीत या दिरंगाईचाही वाटा आहे, हे मला मान्य करावे लागेल.

फाल्गुनात वर्तमानपत्रातून एक पत्रक घरी आले. ‘बहिरेपणा आणि कानातील आवाज ९० दिवसांत कायमचा बंद, लेखी गॅरंटी’ असा त्यावर मजकूर होता आणि जवळच्याच एका मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर असल्याचे लिहिले होते. पत्रक शुद्ध मराठीत होते, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. आमच्या भागात सरकारी कागद कन्नडमध्ये आणि दवाखान्यातील कागद इंग्रजीत येतो. त्यामुळे कुणी आमच्याशी स्वच्छ मराठीत, ‘काका’ म्हणून, बसवून घेऊन बोलले की आम्ही निम्मे विरघळतो. फसवणाऱ्याला हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

शिबिरात माझ्या कानात कुणीही डोकावून पाहिले नाही. माझ्या मुठीत एक धातूची कांडी दिली, ती वायरने लॅपटॉपला जोडली होती, आणि मिनिटभरात पडद्यावर ‘कानाची नस: ३८ टक्के’ असा आकडा लाल रंगात उमटला. कान तपासण्यासाठी मुठीत कांडी कशाला, हा प्रश्न माझ्या एखाद्या सातवीतल्या विद्यार्थ्याने नक्की विचारला असता. मला तो घरी आल्यावर सुचला, आणि तोपर्यंत ८,५०० रुपये देऊन झाले होते. ‘‘सुश्रुतांनी कर्णनाद सांगितलाय, काका, आपलं शास्त्र आहे हे,’’ असे तिथल्या गृहस्थाने ऐकवले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि कर्णनाद त्यांत आहे, हे खरेच आहे. पण त्या डबीतील गोळीशी त्याचा संबंध काय, हे विचारायचे राहून गेले.

औषध म्हणजे गोळ्यांची एक पेटी आणि कानात घालायच्या तेलाची बाटली. पेटीवर अश्वगंधा, जिंकगो (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क) आणि जस्त अशी नावे छापलेली होती. उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक मात्र कुठेही नव्हता. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावरही हे दोन्ही असावेच लागतात, ही माहिती मला फार उशिरा झाली. बिलाऐवजी ‘सल्ला शुल्क’ असे लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली आणि पुढचे पैसे फोनवरून एका व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले. दुसऱ्या महिन्याचे १४,३०० आणि तिसऱ्या महिन्यातील ‘नस मोकळी करण्याच्या टप्प्या’चे १८,५०० धरून एकूण ४१,३०० रुपये गेले.

खरे तर पैशांची गोष्ट इथेच संपते आणि ज्याविषयी मला लिहायचे आहे ती गोष्ट सुरू होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक वही करायला सांगितली. सकाळ, दुपार आणि रात्र, असा तीन वेळा कानातील आवाजाला दहापैकी आकडा द्यायचा आणि दर सोमवारी दहा वाजता एका ताईंचा फोन आला की तो सांगायचा. मास्तराला वही दिली की तो ती नीट भरणारच. आता आकडा लिहायचा म्हणजे आधी आवाज नीट ऐकायला हवा; म्हणून मी खोलीचे दार लावून घेई, पंखा बंद करी, डोळे मिटून बसे आणि आज तो सहा आहे की साडेसहा याचा निर्णय करी. महिन्याभरात मी तीन नोंदींवरून तासातासाच्या नोंदींवर आलो. नातू खेळायला आला तरी माझे अर्धे लक्ष आत लागलेले असे. ‘‘अहो, रोज काय लिवालाय ते?’’ असे घरातून विचारले गेले, तेव्हा मी चिडून उत्तर दिले, याची मला आजही लाज वाटते.

आकडा उतरला, तर ताई म्हणत, ‘‘बघा, औषध लागू पडलं.’’ आकडा चढला, तर म्हणत, ‘‘नस जागी होतेय, काका, आता सोडू नका.’’ हा आवाज मुळातच कमी-जास्त होत असतो. झोप नीट झाली, मन रमले की कमी वाटतो, जागरण आणि काळजी असली की वाढतो. त्यामुळे कोणताही आकडा त्यांच्याच पथ्यावर पडत होता. पहिल्या आठवड्यात माझा आकडा सातावरून पाचावर आला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कुणीतरी आपले दुखणे ऐकून घेतले, एवढ्यानेच मला त्या आठवड्यात झोप लागली होती. तिसऱ्या पेटीपर्यंत तोच आकडा आठवर पोहोचला होता.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि कानांना खाज सुटली, नंतर उजवा कान ठणकू लागला. शेवटी मुलाने मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिले आणि कानात बुरशी झाल्याचे सांगितले. ओल्या हवेत रोज तेल घातल्यावर दुसरे काय होणार, असे म्हणून त्यांनी कान साफ करून दिला आणि थेंब लिहून दिले. त्यानंतर बंद खोलीत हेडफोन लावून श्रवणचाचणी झाली. त्या आलेखावर ४,००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, रेघ एकदम खड्ड्यात उतरली होती; मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही खूण. डॉक्टरांनी विचारले, ‘‘कारखान्यात होता का?’’ मी शिक्षक असल्याचे आधी सांगितले आणि मग माग आठवले.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले तर श्रवणाला धोका असतो आणि यंत्रमागाच्या खोलीत आवाज ९० च्याही वर जातो. आतल्या कानातील केसांसारख्या संवेदक पेशी अशा आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू जणू आपले आवाजाचे बटण वाढवतो, आणि त्यातून जी शीळ उमटते तिला बाहेर कुठलाच उगम नसतो. ती कायमची बंद करील असे सिद्ध झालेले औषध आज नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत जिंकगो आणि जस्त या विकारासाठी सुचवू नयेत, असेच म्हटले आहे; माझ्या पेटीवर नेमकी हीच नावे होती.

मग त्यांनी वही मागितली, चार पाने उलटली आणि आजपासून हे लिहिणे बंद, असे सांगितले. मला ते औषधापेक्षा अवघड गेले. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसवली. बाहेरचे आवाज नीट येऊ लागल्यावर आतला मागे सरतो, असा माझा अनुभव आहे. रात्री पंखा सुरू असतो आणि उशाशी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर, शिळेपेक्षा किंचित खालच्या आवाजात लावलेला असतो. शीळ पूर्ण बुडवायची नाही, नाहीतर मेंदूला तिची सवय होत नाही. एका समुपदेशकांकडे आठ वेळा गेलो. आवाजाची धास्ती कमी करण्यासाठी विचार आणि वागणे बदलण्याची ही पद्धत आज या त्रासावर सर्वाधिक आधार असलेली मानली जाते. शीळ आजही आहे. हे लिहिताना ती ऐकू येतेच आहे, पण तिला आकडा देण्याची गरज वाटत नाही.

सहा महिने अंगावर काढण्याची माझी चूक कुणी करू नये. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी हवीच. एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यात उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

तक्रारीचेही सांगतो, कारण सीमाभागातील माणूस इथेच हात टेकतो. पैसे गेले ते खाते महाराष्ट्रातले, शिबिर इकडचे, आणि पोलीस ठाण्यात ‘‘ते तिकडचं आहे’’ असे ऐकून मी परत आलो होतो. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते. विक्रेता सीमेपलीकडे असला तरी आपल्याला तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. प्राथमिक माहिती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मिळते. फोनवरून पैसे भरलेले असतील आणि फसवणूक ताजी असेल, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर लगेच कळवावे. मी चार महिन्यांनी कळवले, तोवर खाते रिकामे झाले होते. बहिरेपणा बरा करण्याची जाहिरात करणे हाच १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ते पत्रक हा माझ्याकडचा सर्वांत मोठा पुरावा ठरला. सुदैवाने घरातल्यांनी ते फडताळात खाली अंथरले होते, म्हणून सापडले.

पत्रक, चिठ्ठी, तीन व्यवहारांच्या नोंदी आणि ती वही, असे सगळे बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रारीसोबत जोडले आहे. तिसऱ्या पेटीतील उरलेल्या एकोणीस गोळ्या वकिलांच्या सांगण्यावरून कपाटात कुलपाखाली ठेवल्या आहेत.