स्पीकर केबलची टोकं बदलली: सांगलीतल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

महागडी स्पीकर केबल मधल्या लांबीत क्वचितच खराब होते, खराब होतं ते टोक. एक चॅनल खरखरायला लागला किंवा प्लग हलवल्यावर आवाज जाऊन येऊ लागला की लोक अख्खी केबल टाकून देतात, आणि हे पाहून खरंच वाईट वाटतं. चांगलं तांबं पुढची कित्येक वर्षं चालणारं असतं.

इथली जोडी प्रत्येकी 3 मीटरची आहे. प्रत्येक तारेत 4 स्क्वेअर एमएम तांबं, वर पारदर्शक पीव्हीसी. अ‍ॅम्प्लिफायरकडे चार नवे बनाना प्लग (सॉकेटात खुपसायचे गोल प्लग) बसवले, त्यातले दोन स्क्रूने आवळायचे आणि दोन सोल्डरचे. स्पीकरकडचे चारही स्पेड (नटाखाली आवळायची दुटोकी पट्टी) क्रिम्प केले, म्हणजे त्यांच्या नळीत तारा घालून नळी दाबून चेपली. पावसाळ्याआधी बसवलेली ही टोकं दिवाळीनंतर पुन्हा उघडून मोजली. या काळात व्यवस्था रोज वापरात होती.

आधी कापण्याबद्दल. जुना प्लग काढल्यावर आतलं तांबं हिरवं दिसतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं, हवेतली आर्द्रता आणि तांबं यांच्यातल्या क्रियेने हा थर येतो. मधल्या लांबीत तो नुसता वरवर असेल तर केबलच्या रोधात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. जोडात मात्र तो घातक, कारण त्याच्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिम्पमध्ये तो दोन तारांच्या मधे अडकून बसतो. म्हणून दर वेळी 10 ते 15 मिमी कापत जायचं आणि लालसर चकचकीत तांबं लागलं की थांबायचं. 15 सेंटीमीटर कापूनही हिरवंच निघत असेल तर त्या केबलवर महागडे प्लग घालू नयेत. डाव्या-उजव्या केबलची लांबी पाच-दहा सेंटीमीटरने वेगळी झाली तरी कानाला काही कळत नाही. दुसरी बाजू उगाच कापू नका.

2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांत जमिनीवरच्या केबली पाण्यात होत्या. तशा केबलला नवी टोकं लावण्यात अर्थ नाही. बारीक तारांच्या फटींतून गढूळ पाणी आत ओढलं जातं, आणि कितीही कापलं तरी तांबं काळंच निघतं.

सोलण्याची लांबी म्हणजे प्लगच्या नळीची खोली अधिक 1 मिमी. बहुतेक प्लगना 12 मिमीच्या आसपास लागतं. ब्लेडने सोलताना चार-पाच तारा तुटल्या तर ते टोक कापून पुन्हा सोलावं. तारांना मूळ पीळ असेल त्याच दिशेने हलका पीळ द्यायचा. हाताचा घाम लागला तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. आणि जोड झाकणारी, तापवून आक्रसणारी स्लीव्ह आधी केबलवर ओवायची, हे जोड पूर्ण झाल्यावर आठवून उपयोग नाही.

आता क्रिम्प. स्पीकर केबलसाठी हीच पद्धत आम्हाला सर्वांत पटली. योग्य दाब मिळाला की तारा आणि नळी इतक्या घट्ट बसतात की हवा आत जात नाही, आणि हवा नाही तर गंजही नाही. पण हे सगळं डायवर, म्हणजे चेपणाऱ्या हत्याराच्या साच्यावर, अवलंबून आहे. पक्कडीने चेपलेला स्पेड वरून घट्ट वाटतो आणि आत पोकळ असतो. 4 स्क्वेअरच्या नळीला 4 चीच षटकोनी डाय हवी आणि पूर्ण दाब येईपर्यंत न सुटणारं रॅचेटचं हत्यार हवं. सांगलीत हे ज्ञान ऑडिओच्या दुकानापेक्षा कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांकडे जास्त भेटेल. थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची नळी) चेपणं हे त्यांचं रोजचं काम आहे. स्पेडची नळी आणि तारेचा नमुना घेऊन जावं, एक जादा स्पेड चेपून आडवा कापून पाहावा. काप भरीव दिसला, तारांच्या मधे काळ्या फटी दिसल्या नाहीत, म्हणजे डाय बरोबर. चेपलेल्या क्रिम्पमध्ये वरून सोल्डर सोडू नये. जोड त्याने सुधारत नाही, उलट सोल्डर तारांत चढून त्या कडक करतो.

सोल्डरच्या प्लगला 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) घेतला. तो 183 अंशांना एकदम वितळतो आणि एकदम घट्ट होतो, त्यामुळे थंड होताना हात हलून ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होण्याचा धोका कमी. बिनशिशाचा 217 अंशांच्या पुढे वितळतो, त्याला उष्णता जास्त लागते. 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे चालत नाही, कारण प्लगचं जाड धातू सगळी उष्णता खाऊन टाकतं आणि तोवर इन्सुलेशन मागे सरकतं. रुंद टोकाची, 60 वॅटच्या पुढची, 370 अंशांच्या आसपास ठेवलेली इस्त्री तीन-चार सेकंदांत काम करते. प्लगची स्प्रिंग सुटी होत असेल तर आधी काढावी, तापली की तिचा ताण जातो. प्लग धरायला लाकडाच्या ठोकळ्यात 4 मिमीचं भोक पाडलं की पुरतं. जिथे सोल्डर संपतो तिथेच तार वाकून तुटते, म्हणून तिथे आतून गोंद असलेली स्लीव्ह 30 मिमी तरी असावी.

स्क्रूच्या प्लगमध्ये बहुतेक जण एकच गोष्ट चुकीची करतात: तारेला आधी सोल्डर चढवतात. सोल्डर मऊ असतो, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि जोड सैल होतो. नुसती तार घातली तर स्क्रू काही तारा कापतो. दोन्हींवर उपाय एकच, 4 स्क्वेअरची 12 मिमी लांब फेरूल, म्हणजे तारांवर चढवून चेपायची धातूची बारीक नळी. प्लास्टिकची कॉलर असलेल्यांत जर्मन रंगपद्धतीत ती राखाडी असते, निळी घेतली तर ती अडीचची.

मोजणी साध्या मल्टीमीटरच्या ओहमवर होत नाही, तिथे प्रोबच्याच तारा जास्त रोध दाखवतात. पॉवर सप्लायवर करंट 1 अँपिअरला बांधून तो केबलमधून सोडायचा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना मिलिव्होल्ट मोजायचे. जितके मिलिव्होल्ट, तितकेच मिलिओहम. जाऊन-येऊन 6 मीटर तांब्याचे सुमारे 30 मिलिओहम होतात, हा हिशेब शेजारी ठेवावा.

बसवताना क्रिम्प आणि सोल्डर दोन्ही अर्ध्या मिलिओहमच्या आत होते. पावसाळ्यानंतर क्रिम्पमध्ये फरक नाही, सोल्डरमध्येही नाही. स्क्रूचे प्लग फेरूलशिवाय बसवलेले होते, ते 3 मिलिओहमच्या पुढे गेले आणि स्क्रू पाव फेरा सहज फिरला. 3 मिलिओहम ऐकू येत नाहीत, पण आकडा चढतोय म्हणजे पुढे खरखर ठरलेली. फेरूल घालून ते पुन्हा आवळले, तेव्हापासून आकडा जागेवर आहे.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगायचं तर रोध सारखा असताना तिन्ही पद्धतींत फरक ऐकू आला नाही. सैल जोड पकडायला मात्र कान उत्तम. कमी आवाजात तंबोऱ्याचा अखंड सूर लावायचा आणि प्लगमागची केबल बोटभर हलवायची. गाण्यात लपणारी खरखर त्या सुरात लगेच उघडी पडते.

तक्रार आहे ती स्पेडबद्दल. क्रिम्प पक्का असला तरी जड केबलच्या वजनाने स्पेड पोस्टवर (स्पीकरच्या मागच्या आट्यांच्या खुंटीवर) फिरतो आणि नट सैल होतो. दोन स्पेड एकमेकांना टेकले तर अ‍ॅम्प्लिफायरच्या जिवाशी खेळ. त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा, अ‍ॅम्प बंद करून, नट हाताने आवळावे लागतात. केबल खाली फळीवर टेकवली की हा त्रास बराच कमी होतो.

काही केबलींना मात्र हात लावू नये. वाटेत नेटवर्कचा डबा (केबलवरच बसवलेली, आत विद्युत भाग असलेली पेटी) असेल तर डब्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे हे कळल्याशिवाय कापू नका. कार्डास कंपनीच्या केबलींसारख्या केबलीत प्रत्येक बारीक तारेवर स्वतंत्र एनॅमल (वीज अडवणारा लेप) असतं. ते न काढता क्रिम्प केलं तर बऱ्याच तारा जोडाबाहेरच राहतात. आणि नेम (Naim) कंपनीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला केबलचं इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) लागतं, त्यांची स्वतःची सूचना किमान साडेतीन मीटरची आहे. तिथे टोक कापण्याआधी टेप लावून मोजा.