स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन सीझन 2 ब्लू-रे: सेट झकास, पण नेमकी तीच डिस्क अडकली

काल रात्री परत तेच झालं. कोर्टाचा सीन, अंतराळयानावरचा अधिकारी रायकर, त्यानं डेटाचा (म्हणजे माणसासारख्या यंत्राचा) हात काढून टेबलावर ठेवलेला, आता रायकर पाठीमागे जाऊन डेटाला बंद करणार आणि चित्र थिजलं. आवाज जरासा पुढे गेला, मग तोही गेला. 'द मेझर ऑफ अ मॅन' हा एपिसोड ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल की अख्ख्या सीझनमध्ये डिस्क अडकायला याच्याइतकी वाईट जागा नाही.

खरं तर हा रिव्ह्यू मी कधीचा लिहिणार होतो आणि भरभरून लिहिणार होतो. पण आधी विक्रेत्याचं सांगतो, कारण पैसे माझे गेलेत. सेट आला तेव्हाच खोका हलवला की खुळखुळ आवाज येत होता. उघडून बघतो तर डिस्क धरून ठेवणारे प्लास्टिकचे दात तुटलेले आणि एक डिस्क आत मोकळी. कडेला बारीक ओरखडे. लगेच फोटो पाठवले, तर उत्तर आलं की डिस्क चालतेय ना, मग डिफेक्टिव्ह धरता येणार नाही. तेव्हा ती चालत होती हे खरंय. काही महिन्यांनी अडकायला लागली तेव्हा म्हणाले रिटर्नची मुदत संपली. म्हणजे चालत होती तेव्हा बदलून देणार नाही आणि बंद पडली तेव्हाही नाही, मग बदलून देणार कधी? ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिमी आत असतो, डीव्हीडीत तो 0.6 मिमी आत असतो. म्हणूनच ब्लू-रेवर कडक कोटिंग असतं आणि घरातल्या वापरानं सहसा काही होत नाही. पण डिस्क खोक्यात मोकळी आपटत अख्खा कुरिअरचा प्रवास करून आली तर कोटिंग तरी किती सोसणार.

याच मालिकेच्या सीझन 1 च्या ब्लू-रेत काही डिस्कवर 7.1 ऑडिओच्या पुढच्या चॅनलांची गडबड झाली होती, तेव्हा सेट काढणाऱ्या सीबीएसनं दुरुस्त केलेल्या डिस्क बदलून दिल्या होत्या. चूक होते, कबूल करायची आणि डिस्क पाठवायची, विषय संपला. इथे मला पुढच्या खरेदीवर कूपन देतायत. कूपन नकोय, डिस्क हवीये.

आता चित्राबद्दल. ही मालिका 35 मिमी फिल्मवर शूट झाली पण एडिटिंग आणि इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर झाले, त्यामुळे पूर्ण झालेला एपिसोड फिल्मवर कुठेच नव्हता. एचडी करायचं म्हणजे 25,000 हून जास्त रिळं बाहेर काढायची, एकेक शॉट शोधून परत स्कॅन करायचा, जुन्या एडिटप्रमाणे तसाच जोडायचा, एंटरप्राइज या यानाच्या मॉडेलचे वेगवेगळे पास (वेगवेगळे घेतलेले शॉट्स) परत एकावर एक बसवायचे, फेझर (किरणांची बंदूक) आणि ट्रान्सपोर्टर (माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र) यांचे इफेक्ट्स तर नव्यानंच करायचे. हे सगळं वीस-पंचवीस वर्षं जुन्या टीव्ही मालिकेसाठी केलं त्या लोकांनी, मला अजूनही याचं फार अप्रूप वाटतं. नंतर डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजर या पुढच्या स्टार ट्रेक मालिकांच्या वाट्याला हे आलंच नाही, म्हणून तर या सेटची किंमत जास्त.

सीझन 1 चं काम सीबीएस डिजिटलनं स्वतः केलं, सीझन 2 (डिसेंबर 2012 चा) मात्र एचटीव्ही इल्युमिनेट नावाच्या बाहेरच्या कंपनीकडे गेला आणि सीझन 3 परत सीबीएस डिजिटलकडे. फरक दिसतो. काही इफेक्ट्सचे शॉट्स मऊ वाटतात, काही ठिकाणी रंग जरा वेगळेच. पहिल्यांदा बघताना मी यावर इतका वैतागलो होतो की तीन स्टार द्यायचे ठरवले होते. पण दुसऱ्यांदा सगळा सीझन बघितला तेव्हा लक्ष चेहऱ्यांकडे गेलं, डेटाच्या मेकअपची सोनेरी झाक, टेन फॉरवर्ड या यानावरच्या बारमधला मंद उजेड, 'क्यू हू' या एपिसोडमध्ये बोर्ग या शत्रूंचं क्यूबसारखं यान समोर येतं तेव्हा त्याच्यावरचं बारीक काम, आणि तक्रार विरघळली. जुन्या डीव्हीडीत यातलं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांवर घरात वाद होतो, पण फ्रेम जुन्या टीव्हीच्या 4:3 आकारासाठीच लावलेली आहे, झूम करून डोकी कापू नका.

सीझन तसा अर्धवटच आहे म्हणा. 1988 च्या लेखकांच्या संपामुळे 26 ऐवजी 22 एपिसोड, पहिलाच एपिसोड सत्तरच्या दशकातल्या न झालेल्या मालिकेच्या स्क्रिप्टवरून केलेला, आणि शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' म्हणजे जुन्या तुकड्यांचं ठिगळ. या सीझनची यानावरची डॉक्टर पुलास्की मला आवडते, कोणी काही म्हणो.

पण हे सगळं एकीकडे आणि 'मेझर ऑफ अ मॅन' ची लांब आवृत्ती एकीकडे. सेटमध्ये प्रसारणाच्या कटबरोबर साधारण बारा मिनिटं जास्त असलेली एचडी आवृत्ती आहे. ज्या स्ट्रीमिंगवर मी हा सीझन बघितला तिथे फक्त प्रसारणाचाच कट होता, म्हणून लोक विचारतात डिस्कला पैसे का घालायचे, तेव्हा मी हाच एपिसोड पुढे करतो. मेलिंडा स्नॉडग्रासनं लिहिलेला, ती स्वतः वकिली केलेली बाई, ते संवादांत कळतं. मॅडॉक्स या शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून अभ्यास करायचाय, डेटा नाही म्हणतो, प्रश्न असा की त्याला नाही म्हणायचा हक्क आहे का. आणि डेटाच्या विरोधात उभं राहायचं रायकरनं, त्याच्या मित्रानं, कारण तो मनापासून लढला नाही तर निकाल तिथेच डेटाच्या विरोधात लागणार. पहिल्यांदा लांब आवृत्ती मला संथ वाटली होती. आता उलट छोटी बघवत नाही. सवड मिळाल्यामुळे रायकरची घुसमट आधीपासून साचत जाते, आणि बार चालवणारी गायनन कॅप्टन पिकार्डला गुलामगिरीचा विषय आडून सुचवते तेव्हा तो गप्प होतो, ते गप्प होणंही अंगावर येतं. यंत्राला माणूस मानायचं का यावर आज सगळे बोलतायत, या लोकांनी 1989 मध्ये ते एका खोलीत, चार माणसांत, एकही लढाई न दाखवता मांडलं.

आणि माझ्याकडे नेमकी तीच डिस्क अडकते. बाकीच्या चारही लख्ख चालतात. सुटी डिस्क कोणी विकत नाही, चौकशी करून झाली, म्हणजे एका डिस्कसाठी अख्खा सेट परत घ्यायचा. वापरलेला मिळाला तर घेईन, नवा त्या विक्रेत्याकडून तर अजिबात नाही.

सेटला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या मऊ शॉट्ससाठी कापला. डिस्क धरणाऱ्या प्लास्टिकचा दर्जा मात्र फार वाईट आहे, एवढी मेहनत करून काढलेलं चित्र असल्या दातांवर कशाला टांगायचं. घेणार असाल तर सील फोडायच्या आधी खोका कानाशी धरून हलवा, आवाज आला तर उघडूच नका, तसाच परत करा. सीझन 3 मी दुसऱ्या दुकानातून मागवलाय, थोडे जास्त पडले, पण पाठवायच्या आधी खोका हलवून बघतो असं दुकानदारानं फोनवर कबूल केलंय.