नवीन म्हणून नऊ वर्षांचे टायर गळ्यात मारले, ३४,१०० रुपये गेले

लिहायची लाज वाटतेय, दोन आठवडे लिहू की नको करत होतो, पण काल ऑफिसमधला एक जण मलाच विचारायला आला की "अरे तू स्वस्तात टायर घेतलेस ना, नंबर दे की त्याचा", तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

गाडी सेकंडहँड ऑक्टाव्हिया, १.८ टीएसआय, १८० हॉर्सपॉवरवाली. आधीच्या मालकाने १७ इंची अलॉय टाकलेले, टायर साइज २२५/४५ आर १७. ज्यांच्याकडे ही साइज आहे त्यांना माहितीये काय वांधे असतात ते. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड केली, तेव्हापासून चांगले परफॉर्मन्स टायर एक तर मिळत नाहीत, मिळाले तर दोनाचे तीन मिळतात, चौथ्यासाठी थांबा. आणि ही गाडी साध्या कडक टायरवर चालवायची म्हणजे पैलवानाला स्लीपर घालून आखाड्यात उतरवल्यासारखं आहे. हे परफॉर्मन्स टायर म्हणजे बहुतेक समर टायर, आणि समर म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं उन्हाळ्यात वापरायचे, तसं नाही हो, मऊ रबर, सिलिका जास्त, ओल्या रस्त्यावरही ब्रेक लागतो, म्हणून तर पावसाच्या आधी मला ते हवे होते. जुने टायर पार टीडब्ल्यूआयच्या (टायर किती झिजला ते दाखवणाऱ्या) पट्टीला टेकायला आलेले, जेमतेम २ मिलिमीटर शिल्लक. कायद्याने १.६ ला बदलायचेच. म्हणजे हौस म्हणून नाही, गरज म्हणून घ्यायला गेलो होतो, हे आधी लक्षात घ्या.

अधिकृत डीलरचं कोटेशन १३,५०० एकाचे, चारचे ५४,०००. वर "साहेब तीन आठवडे लागतील". तेवढ्यात ऑनलाइन जाहिरात दिसली, तीच साइज, तोच ब्रँड (नाव घेत नाही, कंपनीने काही माझं नुकसान केलेलं नाही), ८,७५० ला एक. फोन केला. माणूस बोलायला इतका गोड, इतका माहितगार की मी पहिल्या पाच मिनिटांत गार. लोड इंडेक्स ९४ हवा का ९१, डब्ल्यू रेटिंग की वाय, कंपाउंड कुठलं, सगळं तोंडपाठ. स्वस्त का विचारलं तर म्हणाला इम्पोर्ट बंद व्हायच्या आधीचे काँटॅक्ट आहेत, शिवाय बिल नको असेल तर २८ टक्के जीएसटी (तेव्हा तेवढा होता) तुमच्या खिशात. आता मला शिव्या घालायच्या असतील तर इथे घाला. घातल्या? पुढे जाऊ. कोणी म्हणू नका की तुम्ही कधीच बिलाशिवाय काही घेतलं नाही.

५,००० यूपीआयने ॲडव्हान्स. शनिवार १८ मे २०२४ ला गेलो, हायवेलगतचा गाळा, बोर्ड मोठा, आत मशीन, बॅलन्सर, अलाइनमेंटचा पिट, तीन-चार पोरं कामाला. मतदान होऊन पाच दिवस झालेले, आचारसंहिता चालूच, आणि मी खिशात २९ हजार रोख घेऊन फिरतोय कारण मालकाला "राहिलेले कॅश द्या" हवं होतं. माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्य टायर-ब्रेक करण्यात गेलं. आदल्या दिवशी म्हणाले होते, "येऊ का मी बरोबर, जरा नजर टाकतो." मी म्हटलं, कशाला बाबा, उन्हाचं, मला कळतं त्यातलं. कळतं म्हणे.

तर आता तो क्षण. हा मी रोज रात्री झोपताना परत बघतो.

त्याने चारपैकी एक टायर माझ्यासमोर आणला, वर कंपनीचा स्टिकर, ओल्या रस्त्याच्या ग्रिपला ए ग्रेड छापलेला. काळाकुळकुळीत. मी हुशारी दाखवत म्हटलं, डॉट कोड दाखवा. शेवटचे चार आकडे ११२४, म्हणजे २०२४ चा अकरावा आठवडा, दोन महिन्यांपूर्वीचा माल. मी खूश. आणि सवयीने त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. बाजूची सगळी अक्षरं रबरातून वर उठून आलेली, हाताला लागतात. हे चार आकडे मात्र खोल. आत गेलेले. कडा जराशा वितळल्यासारख्या आणि भोवतीचं रबर बोटभर रुंदीत एकदम गुळगुळीत, जसं पाटा-वरवंट्याने घासावं तसं. अंगठा काळा झाला, चिकट. मी विचारलंसुद्धा! "हे असं खोल का?" तो हसून म्हणाला, "साहेब, आता लेझरने मारतात तारीख, नवीन पद्धत." आणि मी मान डोलवली. कारण लेझरने मारतात हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. अर्धवट वाचलेलं माणसाला किती महागात पडतं बघा, अजिबात काही माहीत नसतं तर कदाचित मी अडून बसलो असतो.

नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात ते का नाहीत विचारलं, तर "भारी मोल्डला केस येत नाहीत". हेही खरं आहे, काही साच्यांना येत नाहीत. बाकी तीन टायरचा कोड दाखवा म्हटलं तर "पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, तो आतल्या बाजूला गेलाय, पोरांनी चढवायला घेतले". हेही खरं, एकाच बाजूला असतो. त्याचं एकही वाक्य धड खोटं नव्हतं, हीच तर मेख होती. तेवढ्यात चहा आला. "बसा ना साहेब, फॅनखाली बसा." मी बसलो फॅनखाली, बिस्किट खाल्लं, पोरांनी मागे चारही टायर चढवून मोकळे. फुकटचा चहा मिळाला की उठून मशीनजवळ जाऊन उभे राहा, एवढं तरी ऐका माझं.

हिशोब देतो. ८,७५० चोक ३५,०००. माझे जुने टायर एक्स्चेंजमध्ये ७०० ला एक, वजा २,८००. राहिले ३२,२००. अलाइनमेंट बॅलन्सिंग १,१००, व्हॉल्व्ह ४००, आणि नायट्रोजन ४००. नायट्रोजनचे ४००! हवेत ७८ टक्के तोच असतो आणि हवा पंपावर फुकट भरून मिळते. एकूण ३४,१००. कागद दिला त्यावर "एस्टिमेट" लिहिलेलं, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, टायरचा सीरियल नंबर नाही. बायकोने घरी आल्या आल्या विचारलं, "बिल घेतलंस ना?" मी म्हटलं व्हॉट्सॲपवर पाठवतोय तो.

महिनाभर काही नाही. थोडा आवाज करायचे, मी म्हणायचो परफॉर्मन्स टायर आवाज करतातच. (यालाही कुठेतरी वाचलेलंच कारणीभूत.)

रविवार २३ जून, पहिला बऱ्यापैकी पाऊस, ताम्हिणीला निघालो. मी, बायको, मुलगी आणि सासरे. वेग काही फार नाही, ५० च्या आसपास, वळणानंतर पुढे एसटी थांबलेली दिसली म्हणून ब्रेक दाबला आणि पायाखाली एबीएस नुसता तडतडतोय, गाडी काही थांबायचं नाव घेईना, साबणावर पाय पडावा तशी पुढे पुढे. एसटीला ठोकण्याऐवजी डावीकडे घेतली, दोन्ही डावी चाकं दगडी कठड्याच्या पायाला घासत गेली. बंपरचा कोपरा गेला, पुढचा अलॉय वाकला, दोन्ही टायरच्या बाजूला हे एवढाले फुगे. कोणाला खरचटलंही नाही. मुलगी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि सासरे सुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

स्टेपनी एक, गेलेली चाकं दोन. टोइंग ३,५००. गाडी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे आणली. त्यांनी पुढचा टायर मशीनवर उतरवला, आत टॉर्च मारला आणि मला हाक मारली, "अहो, इकडे या." आतल्या बाजूला, दोन ठिकाणी, मशरूम पॅच. पंक्चर काढलेलं, तेही दोनदा! एकाभोवती खडूने केलेला गोल अजून पुसट दिसत होता. नवीन टायरला आतून पॅच असतो का हो? मग त्यांनी खाचेत नख घातलं, तर खाचेचा तळ वेडावाकडा, कुठे खोल कुठे उथळ, म्हणजे झिजलेल्या टायरला गरम पात्याने परत खाचा पाडलेल्या. ट्रकच्या काही टायरला ते चालतं, त्यांच्यावर तसं छापलेलंच असतं, कारच्या टायरला असं केलं की खालच्या तारांपर्यंत रबरच उरत नाही. चौघांतल्या तिघांवर तेच खोटं ११२४. चौथ्यावर, मागच्या उजव्या, बहुतेक पोरं घासायला विसरली, आतल्या बाजूला शाबूत कोड, ४११५. २०१५ चा एक्केचाळिसावा आठवडा. तेव्हा माझी मुलगी जन्मलीही नव्हती. एवढ्या वर्षांत मऊ कंपाउंडचं लाकूड होतं, वरून पॉलिश मारलं की दिसत नाही एवढंच.

सासरे इतकंच म्हणाले, "आमच्याकडे रिमोल्ड टायर लागायचे जावईबापू, पण आम्ही ते पुढच्या चाकाला लावत नव्हतो. आणि लपवत तर नव्हतोच."

दुकानदाराचा फोन दोन दिवस बिझी, मग बंद. गाळ्यावर गेलो तर म्हणे मालक गावी गेलेत, आणि हे टायर आमचे आहेत याला पुरावा काय. "बाहेरून बदलून आणले असतील तुम्ही." पोरगा माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, मला हे तोंडावर म्हणतो.

मग सुरू झाली खरी वरात. अपघात एका हद्दीत, दुकान दुसऱ्या, मी राहतो तिसऱ्या. पहिल्या चौकीत "दुकान जिथे आहे तिथे जा". दुसऱ्या चौकीत दीड तास बाकड्यावर, मग साहेब म्हणाले, "टायर तुम्ही बघूनच घेतले ना? सिव्हिल मॅटर आहे." झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो तो) म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी जेवायला बासुंदी मागितली. एकाने तर कमाल केली, म्हणे १ जुलैपासून नवीन कायदे लागू होतायत, आता ४२० लावायची की नवीन कलम कन्फ्युजन आहे, आठवडाभराने या. अहो, फसवलं मला १८ मे ला, तेव्हा ४२० च होतं ना! आठवडाभराने गेलो तर ते साहेब बदलीवर. ऑनलाइन फ्रॉडच्या हेल्पलाइनला लावलं, तिथे विचारतात यूपीआयने किती गेले, म्हटलं ५,०००, बाकी २९,१०० रोख, तर "सर रोखीचं आमच्याकडे येत नाही, आणि ५,००० च्या बदल्यात वस्तू मिळाली ना?" मिळाली. वस्तू मिळाली. टायर कंपनीच्या कस्टमर केअरने चार दिवसांनी ईमेल केला की आमच्या अधिकृत डीलरकडून घेतलेल्या टायरसाठीच मदत करता येते, आपल्या सुरक्षित प्रवासासाठी शुभेच्छा. शुभेच्छा! इन्शुरन्सवाल्याचा सर्व्हेअर आला, अलॉय पॉलिसीत डिक्लेअर नाहीत, टायरवर ५० टक्के डेप्रिसिएशन, वर क्लेम केला की नो क्लेम बोनस जाणार. सोडून दिलं. अलॉय सरळ करून बंपर रंगवायला ६,५०० स्वतःचे घातले.

३४,१०० अधिक ३,५०० अधिक ६,५००, म्हणजे ४४,१००. आणि शेवटी त्याच अधिकृत डीलरकडून त्याच ५४,००० चे टायर, पक्क्या बिलाने. तीन आठवडे लागणार होते ना, पाच लागले. तोपर्यंत रिक्षा.

ग्राहक आयोगात जायचा विचार आहे, ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, वकील न करताही चालतं. पण हातात फक्त तो एस्टिमेटचा चिटोरा, यूपीआयचा एक स्क्रीनशॉट आणि काकांकडे काढलेले फोटो. ते तीन टायर आणि तो चौथा मी बाल्कनीत ठेवलेत, बायको रोज विचारते कधी टाकणार. टाकणार नाही, पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर टायर परत देऊ नका, "बदलून देतो, आणा" म्हणाले तरी नाही.

चढवायच्या आधी चारही टायरचे कोड स्वतः बघा, फोटो काढा, आत हात घालून फिरवा. टायरवर आयएस १५६३३ (कारच्या टायरचं भारतीय मानक) आणि सीएम/एल म्हणजे बीआयएसच्या परवान्याचा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, मला हे आता कळलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५, पण पक्कं बिल घ्याच नाहीतर माझ्यासारखं होईल. आणि सासरे येतो म्हणाले तर येऊ द्या.

परवा रात्री झोप येईना म्हणून परत तीच साइट उघडली. नंबर नवीन, नाव नवीन, फोटोतली फरशी तीच. "२२५/४५ आर १७, ९० टक्के थर, सिंगल हँड यूज, ३,५०० ला एक." झूम केलं. एका टायरच्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटचा ओरखडा. आमच्या सोसायटीच्या गेटच्या खांबाचा, मीच मागच्या दिवाळीत घासलेला. माझेच टायर, ७०० ला दिलेले, दोन मिलिमीटरवाले.

बायकोच्या नंबरवरून मेसेज टाकला, माल कसा आहे भाऊ? दोन मिनिटांत उत्तर. "एकदम फ्रेश मॅडम, कालच आलाय. या दुकानावर, चहा घेऊ."